होस्ट्स नावाची फाइल

सासूबाईंचं शब्दकोडं एका शनिवारी उघडेनासं झालं. पान यायचं, वर्तमानपत्राचं नाव दिसायचं, तारीखही दिसायची, पण मधोमध जिथे चौकोन असायला हवेत तिथे नुसता राखाडी डबा. त्यात इंग्रजीत एक ओळ, की या साइटशी संपर्क होऊ शकत नाही.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. पार्ल्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर त्यांना झेपत नाही. आमची लेक नोकरीसाठी हैदराबादला गेल्यापासून तिचा कॉम्प्युटर हॉलमध्ये कापड पांघरून पडला होता. वर्षभरापूर्वी मी तो सुरू करून, अक्षरं मोठी करून त्यांना दिला. तेव्हापासून दुपारचा चहा कोडं सुटल्यावरच व्हायचा.

"अगं, माझं काहीतरी दाबलं गेलं का?" त्यांनी विचारलं.

मीही दाबून पाहिलं. डबा राखाडीच.

घरी आम्ही दोघीच होतो. नवरा इथल्याच, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात आहे, शनिवारी चारपर्यंत ड्यूटी. मी सगळं एकदम करायला निघाले, म्हणजे वायफाय बंद कर, कॉम्प्युटर बंद कर, दोन्ही चालू कर. सासूबाईंनी माझा हातच धरला.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशाने काय झालं ते कळणार कसं?"

त्यांनी एका जुन्या वहीचं मागचं पान उघडलं, मधे उभी रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं, "काय केलं". उजवीकडे, "काय झालं".

वायफायचा डबा बंद करून चालू केला. फरक नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फरक नाही. दुसऱ्या ब्राउझरमधून पाहिलं. तिथेही तोच राखाडी डबा. इंटरनेटवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून काही ब्लॉक नाहीये, तुमच्याच मशीनमध्ये असेल." हे वाक्य मी आधीही कधीतरी ऐकलं होतं, आणि तेव्हा त्या माणसाशी चांगली भांडले होते. लेक बारावीत असताना. पण तेव्हा नेमकं काय झालं होतं ते मला चटकन आठवेना.

मग माझ्या फोनवर तेच पान उघडलं, घरच्याच वायफायवर. कोडं हजर! सगळे चौकोन जागच्या जागी.

सासूबाईंनी वहीत लिहिलं आणि चष्मा वर केला. "म्हणजे वायफाय निर्दोष. इंटरनेटवालासुद्धा निर्दोष. ब्राउझर दोन्ही निर्दोष. उरलं काय?"

"हा कॉम्प्युटर."

"हं. आता नीट वाच, त्या डब्यात काय लिहिलंय."

मी वाचलं, आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. डब्यातलं नाव वर्तमानपत्राचं नव्हतंच. ऑनलाइन खेळांच्या कुठल्यातरी साइटचं होतं. वर्तमानपत्राने नुकतंच आपलं पान बदललं होतं. कोडं आता ते या दुसऱ्या साइटवरून आणून दाखवत होते, आणि आमचा कॉम्प्युटर नेमका त्याच साइटकडे जायला तयार नव्हता. का, ते त्या दिवशी कळलं नाही. चारला नवरा आला, आम्ही त्याला काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर आम्हाला मजा यायला लागली होती, आणि त्याला कळलं असतं तर त्याने "नवीन घेऊया" म्हणून विषय संपवला असता.

रविवारी जेवण झाल्यावर तो आत आडवा झाला आणि आम्ही पुन्हा बसलो. मी फोनवर शोधत होते. कुणी लिहिलं होतं घड्याळ तपासा, ते बरोबर होतं. कुणी लिहिलं होतं अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून बघा, तेही केलं. मग एकाने होस्ट्स नावाच्या फाइलबद्दल लिहिलेलं सापडलं. कुठलीही साइट उघडण्याआधी कॉम्प्युटर तिचा पत्ता बाहेर विचारतो, पण त्याच्याही आधी तो या छोट्याशा फाइलमध्ये बघतो. तिथे काही पत्ता लिहिलेला असेल तर तोच खरा धरतो, मग तो खोटा का असेना.

मी बावीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काम केलंय. एखाद्या पुस्तकाच्या कार्डावर चुकीचं कपाट लिहिलेलं असलं की काय होतं, हे मला कुणी समजावायला नको.

फोल्डरातून फोल्डरात जात ती फाइल सापडली. उघडण्याआधी मी तिची तारीख पाहिली. शेवटचा बदल सहा वर्षांपूर्वी, बारावीच्या परीक्षेच्या आदल्या महिन्यातला.

"आई," मी म्हटलं, "यात कुणीतरी हात घातलाय."

"उघड की मग!"

वर इंग्रजीत कॉम्प्युटर कंपनीचा मजकूर होता. खाली अकरा ओळी. प्रत्येकीत आधी एक आकडा, तोच, आणि पुढे एका साइटचं नाव. तो आकडा म्हणजे स्वतःचाच पत्ता, असं फोनवर लिहिलं होतं. थोडक्यात, ही साइट कुठे आहे असं विचारलं की कॉम्प्युटरला उत्तर मिळायचं, इथेच आहे. तो इथेच शोधत बसायचा आणि शेवटी हात वर करायचा. अकरातल्या सातव्या ओळीत आमची खेळांची साइट होती.

आणि सगळ्यात शेवटी, एक जागा सोडून, बारावी ओळ. तिच्या आधी एक # होतं. लिपी इंग्रजी, पण भाषा मराठी. मी मोठ्याने वाचली.

"बाबा, मला कळलंय. परीक्षा होईपर्यंत राहू दे. आईला सांगू नको, ती उगाच भांडेल."

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला कळलं, की मी उभी राहिले आहे.

आता सगळं आठवलं. त्या वर्षी लेकीने मला विचारलं होतं, "आई, काही साइट्स घरी का उघडत नाहीत गं?" नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला होता, "इंटरनेट कंपनीनेच बंद केल्या असतील." आणि मी, शहाणी, इंटरनेटवाल्याला फोन करून पाऊण तास भांडले होते. तो बिचारा शपथेवर सांगत होता की आमच्याकडून काही नाही.

मी आत जाऊन नवऱ्याला उठवलं. तो डोळे चोळत आला, खुर्चीत बसला, पडद्यावरच्या ओळी वाचत खाली आला आणि शेवटच्या ओळीवर थांबला. ती त्याने तीनदा तरी वाचली असेल.

"हे मी पाहिलंच नाही," तो म्हणाला. "आईशप्पथ. अकरा ओळी मी लिहिल्या. कारखान्यातल्या एकाने शिकवलं होतं. पण परत ही फाइल कधी उघडलीच नाही. काही चुकलं तर कॉम्प्युटरची वाट लागेल अशी भीती वाटायची."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू तिला लगेच सांगितलं असतंस."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

लेकीला व्हिडिओ कॉल लावला. मी फोन पडद्यासमोर धरला. आधी ती खो-खो हसली. मग म्हणाली, "थांब, तुम्ही ही आत्ता उघडली? बाबाने तेव्हा वाचलं नव्हतं?"

"नाही गं," नवरा म्हणाला.

ती म्हणाली, "मी रोज वाट बघायचे, तू काहीतरी बोलशील म्हणून. जेवताना तुझ्याकडे बघायचे. तू बोलला नाहीस, म्हणजे मग ठीक आहे असं धरून चालले."

"मी बोलायला घाबरायचो," तो म्हणाला. "मला वाटायचं तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस."

सासूबाईंनी फोन आपल्याकडे वळवला. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "तुला सापडलं कसं? किती वेळ लागला?"

"आईच्या फोनवर उघडत होतं ना आजी, कॉम्प्युटरवर नाही. मग शोधलं. अर्धा तास."

"आम्हाला दोन दिवस," सासूबाई म्हणाल्या, आणि हेही वहीत लिहिलं.

"सापडलं तर काढून का नाही टाकलंस?" मी विचारलं.

"काढलं होतं की. आठवडाभर. नुसती खेळत बसले, अभ्यास शून्य. मग मीच परत टाकलं आणि खाली लिहिलं. मला स्वतःला थांबवता येत नव्हतं गं आई. बाबाने बंद केलंय म्हटल्यावर त्याच्यावर चिडता तरी यायचं."

सतरा वर्षांची असताना तिने हा विचार केला होता, माझ्यापासून चार पावलांवर बसून, आणि मी दुधाचा ग्लास ठेवून निघून जात होते. त्या मुलीला मी ओळखते असं मला वाटायचं. आता वाटलं, तिला खूप काही विचारायचं राहिलंय, आणि ती अजून फोनवर आहे.

ओळी पुसायच्या नाहीत, प्रत्येकीच्या आधी # टाकायचं, मग कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही, असं तिने सांगितलं. नवऱ्याने एका बोटाने अकरा वेळा ते टाकलं. फाइल काही केल्या साठवली जाईना. मग लेकीने सांगितल्याप्रमाणे ती ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा उघडली, सगळं पुन्हा केलं, तेव्हा कुठे जमलं. बाराव्या ओळीला त्याने हात लावला नाही.

कोडं उघडलं. सासूबाईंनी आम्हाला दोघांना खुर्चीपासून बाजूला केलं. मी फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि लेकीला विचारलं, "कुठला खेळ खेळायचीस गं? मला सांग ना, कसा असतो तो."

ती सांगायला लागली. नवरा दाराच्या आत उभा राहून ऐकत होता. थोड्या वेळाने मी सरकून त्यालाही जागा करून दिली.