युसूफचाचांचं मत

जिच्यावर युसूफचाचांचं मत नाही, अशी बातमी माझ्या पाहण्यात आली नाही. नवापूरच्या बाजारात, बस स्टँडकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्यांचं चपला-बॅगा शिवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, वर पत्रा आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. स्टुलावर दोन वर्तमानपत्रं पडलेली असत. मराठी एसटीनं यायचं, गुजराती सुरतेकडच्या गाडीनं. चाचा दोन्ही वाचत आणि समोर कोण बसलंय याची फिकीर न करता निकाल देऊन मोकळे होत. मी एका दैनिकाचा तालुका बातमीदार. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो चपलेचा अंगठा तुटला म्हणून. गळ्यातलं ओळखपत्र पाहून ते म्हणाले, "बातमीदार शे का? बस मंग. आज पहिला पानवर जे छापेल शे, ते तुले तरी समजनं का?" मला समजलं नव्हतं. त्यांनी ते सविस्तर समजावून सांगितलं आणि चप्पल तशीच राहिली.

मग रोजच जाऊ लागलो. बातमी पाठवण्याआधी चाचांचं मत ऐकायचं, ही माझी सवयच होऊन गेली. निवडणुकीच्या दिवसांत एका पुढाऱ्यानं तिसऱ्यांदा पक्ष बदलला, तेव्हा मी धावत सांगायला गेलो. चाचांनी मान वर केली नाही. "गाडी तीच शे, पाटी बदली. तू कसाले पयी ऱ्हायना?" समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर चर्चेचा गलका चालू असला की ते सुई थांबवून ऐकायचे. "आठ जन बोली ऱ्हायनात. ऐकी कोन ऱ्हायनं?" असं म्हणून पुन्हा कामाला लागायचे. क्वचित त्यांचं मत साफ चुकायचंही. चुकलं की दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगत, "काल मी येडानागत बोलनू." एवढं सरळ मला कधी जमलं नाही, आणि ते मी त्यांना कबूलही केलं नाही.

बेसबॉल त्यांच्या आयुष्यात उतारवयात आला. मुलींच्या शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर बेसबॉल शिकवणारे गावित सर एकदा फाटका चेंडू घेऊन आले. सर सीमेवरच्या डोंगरातले, घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारे, रविवारी न चुकता चर्चमध्ये जाणारे. त्यांच्या संघातल्या बहुतेक मुलीही त्याच डोंगरातल्या पाड्यांवरच्या. नवा चेंडू लवकर मिळत नसे. चाचांनी शिवण उसवून पाहिली, दोन सुया कशा चालवल्यात ते समजून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत चेंडू शिवून दिला. तो टिकतो का, हे बघायला ते मैदानावर गेले आणि त्या खेळात अडकले ते अडकलेच. सामना असला की दुकान बंद. बाजारातले लोक चिडवायचे, "चाचा, क्रिकेट सोडीसन हाई काय काढं?" चाचांचं उत्तर तयार असे. "क्रिकेटमा एक गडी बठ्ठा दिन खेयत ऱ्हास. आठे बठ्ठास्नी पाळी येस." सगळ्यांना पाळी मिळते, हेच त्यांना आवडलं होतं. पंचांच्या निर्णयावरही ते मोठ्यानं मत द्यायचे. एकदा पंचांनी त्यांना मैदानाच्या कडेवरून उठवून लांब बसवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, विभागीय स्पर्धा तोंडावर असताना, माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. बारा-पंधरा सेकंदांचा. गावित सर एका मुलीला दंडाला धरून मैदानाबाहेर ओढताहेत, ती पाय रोवून रडते आहे, सर ओरडताहेत. मुख्याध्यापकांचा फोन लागला नाही. सरांचा लावला, तोही लागला नाही. त्यांच्या पाड्यावर रेंज नसते हे मला चांगलं ठाऊक होतं. मी लिहून टाकलं: प्रशिक्षकानं विद्यार्थिनीला फरफटत नेलं. खाली आमचं नेहमीचं वाक्य, 'संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही.' संबंधित माणूस मोटारसायकलनं वीस मिनिटांवर राहत होता. बातमी छापून आली, एका वाहिनीनं उचलली, दोन दिवसांत सरांना कामावरून थांबवलं आणि संघाचं नाव स्पर्धेतून काढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी ऐटीत स्टुलावर जाऊन बसलो. चाचा टाके घालत राहिले. शेवटी मीच विचारलं, "चाचा, मन्ही बातमी वाची का? तुम्हनं काय मत?"

त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

"जगनी बठ्ठी बातमी तू मले इचारस," ते म्हणाले. "जी मी मन्हा डोयाघाई दखी, तीच इचारी नही."

मग त्यांनी सांगितलं. चेंडू त्या पोरीच्या कानामागं लागून रक्त येत होतं. सामना सोडायचा नाही म्हणून ती हट्टाला पेटली होती. सरांनी तिला ओढत बाहेर काढलं आणि मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. व्हिडिओ करणाऱ्यानं पुढचं-मागचं काही ठेवलंच नव्हतं. चाचा त्या वेळी तिथंच कडेला बसले होते, माझ्या रोजच्या वाटेवरचा माणूस. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आते मी तुले मत नही देवाव." आवाज चढलेला नव्हता. मला तेव्हा वाटलं, राग आहे, उतरेल.

खुलासा छापून आणण्यासाठी मी धडपडलो. आतल्या पानावर चार ओळी आल्या. शाळेनं चौकशीची बैठक बोलावली, तेव्हा चाचा स्वच्छ सदरा घालून, कोणी बोलावलेलं नसताना गेले. समितीतल्या एकानं विचारलं, "आपण कोण?"

"मी चेंडू शिवस."

"मग खेळातलं तुम्हाला काय कळतं?"

"खेयनं ऱ्हाऊ द्या, साहेब. पोरनं रगत कोठे व्हतं, ते मले मालूम शे."

त्यांच्यानंतर मी उभा राहिलो आणि पालकांसमोर सांगितलं की कुणालाही न विचारता मी बातमी लिहिली. मान वर करवत नव्हती. गावित सर पलीकडे बसले होते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. आठवड्यानं त्यांना परत घेतलं. पण स्पर्धा तोवर होऊन गेली होती, आणि दहावीतल्या तीन मुलींची ती शाळेतली शेवटची संधी होती. त्यांतली एक मला अजून बाजारात दिसते. मी रस्ता बदलतो.

चाचांनी दिलेला शब्द पाळला. स्टुलावर बसू देत, चहा मागवत, चप्पलही नीट शिवून देत. मत मात्र नाही. मी मुद्दाम एखादी चमचमीत बातमी काढायचो, सरकार पडतंय, अमक्या निवेदकानं माफी मागितली. ते म्हणायचे, "व्हई." असेल, एवढंच. बाजारात इतर सगळ्यांना त्यांची मतं फुकट मिळत होती आणि मी मात्र उपाशी होतो. वर्षभर असं चाललं. त्यानंतर त्यांना दम लागू लागला आणि दुकान बंद झालं.

ते गेले, त्याच्या चार दिवस आधी दुपारी मी घरी गेलो. चाची दारातच म्हणाल्या, "भाऊ, इनको बोलने मत देना." चाचा उशांना टेकून बसले होते. डोळे मिटलेले. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "आज काय छापं?"

मी अजून न पाठवलेली बातमी सांगितली. विसरवाडीजवळच्या एका पाड्यावर हातपंप बंद पडला होता. सरपंच म्हणत होते टँकर रोज जातो, बाया म्हणत होत्या येतच नाही.

"तठे गयथा का?"

"गयथू. दोन येळ."

"बायास्ले इचारं?"

"इचारं. सरपंचले बी इचारं. टँकरवालाले बी."

त्यांनी मान मागं टेकवली. मला वाटलं, झोप लागली असावी. "वाच," ते म्हणाले.

मी खिशातून कागद काढून वाचायला लागलो. सरपंचांच्या म्हणण्यापाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"खोटं बोली ऱ्हायना तो," चाचा म्हणाले.

माझ्याच्यानं पुढची ओळ वाचवेना. आतून चाची ओरडल्या, बोलू नका म्हणून. चाचांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"रडस कसाले?" ते म्हणाले. "पुढे वाच."