हवालदार कांबळेची सिक लीव्ह

एकाहत्तरची लढाई संपून आठ-दहा वर्षं झाली होती. माझी आणि हवालदार यशवंत कांबळेची पोस्टिंग तेव्हा बेळगाव कॅम्पात होती. आम्ही सॅपर. जवानांना सुरुंग पेरायला आणि काढायला शिकवायचं, हे काम. दोघंही हवालदार, चाळिशी ओलांडलेले, निपाणीजवळच्या एकाच गावचे. माझं घर पाटील गल्लीत, त्याचं बौद्धवाड्यात. सकाळी पी.टी., मग क्लास, दुपारी लंगर, संध्याकाळी व्हॉलीबॉल. जेवण एकाच डेगचीतलं. तंबाखू मात्र मीच जास्त मळायचो.

यशवंताची छाती काय सांगू! लढाईत मायनफिल्डमधून वाट काढताना तो पुढं, मी मागं वाट आखायची टेप धरून.

"थांब."

"काय रं?"

"एक घावलंय. हलू नगंस."

एवढंच बोलणं. सुरुंग निघाला की मी मटकन खाली बसायचो आणि हा गडी विडी मागायचा.

नायब सुभेदारीसाठी दोघांची नावं गेली. मेडिकल झालं. माझं सगळं ठीक, यशवंताचं ब्लडप्रेशर चढलेलं. नुकताच तो गावाहून रजा संपवून आला होता. तब्येतीची ए कॅटेगरी नसेल तर प्रमोशन नाही, आणि प्रमोशन नाही तर त्याच वर्षी पेन्शन घेऊन घरी. घरी त्याला जायचंच नव्हतं.

युनिटच्या डॉक्टरांनी विचारलं, "टेन्शन क्या है, हवालदार?"

"कोई टेन्शन नहीं, साब."

"तो सिक लीव्ह पर जाओ. घर में आराम करो. लौटोगे तो फिर देखेंगे."

"साब, यहीं रहने दीजिए. यहाँ नींद आती है."

डॉक्टर हसले. मीही हसलो. घरी झोप लागत नाही म्हणणारा फौजी कुणी बघितलाय? मीसुद्धा रजा टाकली आणि त्याला घेऊन निघालो.

निपाणीपर्यंत तो मला शंकऱ्या म्हणत होता. गावची वेस आली आणि मी अण्णा झालो.

"आरं, कॅम्पात शंकऱ्या आन् हितं अण्णा?"

"हितं तसंच बरं पडतंय," तो म्हणाला.

चौकातला हॉटेलवाला मला म्हणाला, "या साहेब." त्याला म्हणाला, "आलास व्हय रं यशवंता?" दोघांच्या बाहीवर फिती सारख्याच होत्या.

त्याच आठवड्यात आमचा एक बैल मेला. बौद्धवाड्यानं मेलेली जनावरं ओढायचं काम धर्मांतरापासून सोडलं होतं. माझ्या थोरल्या भावाला, आप्पाला, ते पक्कं ठाऊक होतं. तरी तो बौद्धवाड्याच्या तोंडाशी जाऊन ओरडायला लागला. यशवंत बाहेर आला.

"आप्पा, ते काम आमी सोडलंय."

"तुझा बा वढत हुता की रं!"

"बा वढत हुता. मी न्हाय वढनार."

आवाज मायनफिल्डमधल्यासारखाच शांत. पण त्याच्या मानेची शीर उडताना मला दिसली. मी मध्ये पडलो.

"आप्पा, बैल आपला हाय. मी पुरतो."

दुसऱ्या बैलाला दोर लावून मी तो ओढत नेला, खड्डा खणला, पुरला. वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! गावभर बोभाटा झाला की बौद्धवाड्यानं पाटील गल्लीतल्या फौजीला ढोर ओढायला लावलं. ओढलं मी, स्वतःहून. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, उलट बायाबापड्या हळहळल्या. आणि बौद्धवाड्यातल्या बायकांना तंबाखूच्या रानात बोलावणं बंद झालं. रोज सकाळी यशवंताच्या दारात माणसं. तू सरकारी माणूस, फौजदाराला सांग, आप्पाला सांग. तो निपाणीला हेलपाटे घालायचा, परत आला की आणखी माणसं बसलेलीच.

"गड्या, डॉक्टरनं आराम सांगितलाय न्हवं?" मी चिडून म्हणालो.

"कुठं करू? तू जागा दाव, तितं पडतो."



रजा संपत आली तेव्हा तो आमच्या अंगणात आला. बायकांना कामावर घ्या, एवढंच त्याला आप्पाशी बोलायचं होतं. आप्पानं त्याला उन्हात उभं ठेवलं. मी आतून पाट आणायला वळलो. मागं त्याचं बोलणं अडखळलं. बघतो तर तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, आणि तो खाली कोसळला. हायवेवर ट्रक थांबवून निपाणीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी रडलो, ट्रकवाल्यासमोरच.

बेळगावला रिपोर्ट केला. डॉक्टरांनी विचारलं, "घर में आराम नहीं किया क्या?" प्रमोशन मला मिळालं. माझं ब्लडप्रेशर अजून ठणठणीत आहे. एकच लंगर, एकच मायनफिल्ड, एकच गाव. मग त्याचंच का चढलं, हा हिशोब मी कितीदा मांडला. दरवेळी डोकं भणभणतं आणि मी उठून जनावरांना वैरण टाकतो.

दरवर्षी आम्ही माजी सैनिक जमतो, पडलेल्यांची नावं घेतो. शेवटी मी "हवालदार यशवंत कांबळे" म्हणतो. कुणीतरी नवा माणूस विचारतोच, "सुभेदारसाहेब, हे कुठं पडले?"

"माझ्या अंगणात," मी सांगतो.