कुत्र्याला दिलेलं बापाचं नाव

"मामंजींचं नाव कुत्र्याला? जीभ कशी झडली नाही तुमची!" बायको कडाडली.

"त्यांच्या देखत कधी उचललीच नाही, तर झडणार कुठून?" सुतार म्हणाला.

म्हाताऱ्यानं जन्मभर त्याच्या कामात खोट काढून त्याला चारचौघांत फाडून खाल्लं होतं. म्हणून तो गेल्यावर सुतारानं दारात आलेल्या काळ्या कुत्र्याला त्याचं जुन्या वळणाचं नाव ठेवलं. त्या नावानं एकदा तरी मनसोक्त ओरडायचं होतं.

पण कुत्रं नाव शिकलं आणि म्हातारा त्याचं काम बघत बसायचा, त्याच कोपऱ्यात रोज येऊन बसू लागलं. आजही सुतारानं चौकटीच्या सांध्यातली फट भुसा नि सरस भरून बुजवली, तेव्हा ते टक लावून बघत होतं. 'हो बाहेर' म्हणायला त्यानं तोंड उघडलं. नाव ओठांवर आलं, पण बाहेर पडेना. लहानपणी बापाची चापट बसायची, त्या जागी मान गार पडली.

"मग बदला की नाव," बायको जरा नरमाईनं म्हणाली.

त्यानं दुसऱ्याच नावानं हाक मारून पाहिली. कुत्र्यानं कानसुद्धा हलवला नाही.

सुतारानं सांधा ठोकून उकलला, पटाशी उचलली आणि कुत्र्याकडे पाठ न करता पुन्हा तासायला बसला.