आईच्या पायाच्या मापाची गाडी

आईचा डावा गुडघा वाकत नाही. विहिरीकडच्या चिऱ्याच्या पायरीवरून ती घसरली, डॉक्टरांनी आत सळ्या घातल्या, आणि तेव्हापासून तो पाय सरळच्या सरळ राहिला. घरात ती काठी टेकत हळूहळू चालते, तोंड मात्र धावतंच. मुळगावच्या घरात आम्ही दोघीच. बाबा गेले, भाऊ नाही, लग्न मी केलं नाही. म्हणजे तिची बोलणी खायला घरात एकटी मीच.

तिची मागणी एकच. "माका एकदा घराक ने गे." सारा संसार मुळगावात झाला, तरी तिचं घर म्हणजे हरमल. तिथे तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. आजी लवकर गेली, म्हणून आईनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. पाय मोडल्यापासून तिला हरमलला जाता आलं नव्हतं, आणि मामा एकदाही इकडे फिरकला नव्हता. पर्यटकांच्या खोल्या, भाड्याच्या स्कूटर, भाड्याच्या गाड्या. त्याला वेळ कुठून मिळणार, असं आई म्हणायची. वेळ नाही की मन नाही, असं मी म्हटलं की काठी उचलायची.

माझ्या स्कूटरवर तिला बसवणं शक्यच नव्हतं. एकदा बसने न्यायचं ठरवलं. पायरीवर मी तिला मागून ढकलते आहे, तिचा पाय दारात आडवा अडकलाय, आणि कंडक्टर म्हणतो, "आजी, तू ये, पाय पुढच्या बसने पाठव." सगळी बस हसली. आईसुद्धा हसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मुलगा असता तर दारात गाडी असती." त्याच आठवड्यात मी गाडी बघायला लागले. प्रेमाने नाही हो, रागाने. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्यांची खोकी भरते मी. नवी गाडी माझ्या पगाराला झेपणारी नव्हती. जुनीच घ्यायची होती.

म्हापशाला एका शेडमध्ये जुन्या गाड्या उन्हात तापत उभ्या होत्या. मालकाने मला बघितलं आणि थेट छोट्या गाडीकडे बोट केलं. "लेडीजना हीच बरी. वळवायला सोपी." आईला शेजाऱ्याच्या टेम्पोत खुर्चीसकट उचलून ठेवून आणली होती. तिला मी पुढच्या सीटवर बसवली. पाय आत जाईना. गेला तर गुडघा डॅशबोर्डला टेकला आणि ती अशी ओरडली की समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं उठून उभी राहिली. मालक म्हणाला, "मग मागच्या सीटवर आडवी घाला." आई म्हणाली, "आडवी घालायला अजून मेले नाही मी." मला तेव्हा तिचा एवढा अभिमान वाटला, की तिथल्या तिथे तिला मिठी मारावी, पण आमच्यात तसली पद्धत नाही.

उंच गाडीत तिला चढता येईना. छोटीत पाय मावेना. शेवटी एका सेडानमध्ये पुढची सीट अगदी मागे सरकवली, पाठ जराशी पाडली, आणि आईचा पाय सरळ जाऊन टाच खाली टेकली. ती काही बोलली नाही, म्हणजे बरं वाटलं. तेव्हापासून सेडानच शोधायची ठरली. गावात मात्र चर्चा झाली की हिला डिकीच्या गाडीचा माज आलाय. एकटी बाई, एवढी लांब गाडी, आत बसवणार कोणाला? असे प्रश्न लोक मला न विचारता आईला विचारत, आणि आई ते संध्याकाळी मला वाढत असे, आमटीबरोबर.

माझ्या ऐपतीत बसणाऱ्या सेडान एकेक नग होत्या. एकीचा दरवाजा दुसऱ्या गाडीचा होता. एकीत मासळीचा वास असा मुरलेला, की काचा खाली करूनही डोकं उठलं. एक चांगली मिळाली होती, ती माझ्यासमोर दुसऱ्याने उचलली, आणि जाताना मला म्हणाला, "मॅडम, गाडी घ्यायला एवढा विचार करत नाहीत." त्याची गाडी पहिल्याच चढावर बंद पडो, असं मी मनापासून म्हटलं.

मग मामाचा फोन आला. बातमी हरमलपर्यंत गेली होती. त्याच्याकडे एक पांढरी सेडान होती, घरच्या वापराची. "बाय, तुझ्यासाठीच ठेवलीय समज," असं तो आईला म्हणाला. आई दोन दिवस तरंगत होती. रविवारी मी हरमलला जाऊन गाडी बघून आले. दिसायला देखणी. सीटला नवी कव्हरं, आत अत्तराचा घमघमाट. सीटच्या फटीत बोट घातलं तर रेती. मी विचारलं, "मामा, ही भाड्याने द्यायचात की काय पर्यटकांना? दर्यावर नेत असणार ते." तो हसला. "हरमलात राहतो गे चेडवा. रेती नाही तर काय पीठ मिळणार?"

मी सरळ सांगितलं की डिचोलीचा माझा मेकॅनिक येईल, गाडी वर चढवून खालून बघेल, मगच काय ते. मामाचा चेहरा पडला. त्याने लगेच आईला फोन लावला, मी समोर उभी असताना. "बाय, तुझी मुलगी माझ्या गाडीची झडती घेणार म्हणते. मी तुला फसवीन? माझ्यावर भरवसा नको, देवावर तरी आहे ना? लावूया पाकळी."

आमच्याकडे अडलं की देवाला विचारतात. पुजारी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे टक लावून बसतात. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार. लग्नं यावर ठरतात, घरं यावर बांधली जातात. आईला तर माहेरच्या देवाच्या पाकळीपुढे डॉक्टरसुद्धा कमी. पुढच्या सोमवारी मामाने देवळातून व्हिडिओ कॉल लावला. आई अंघोळ करून, नवी साडी नेसून मोबाइलसमोर हात जोडून बसली. पुजाऱ्याने विचारलं, बहिणीने भावाची गाडी घ्यावी काय? बराच वेळ काही हललं नाही. नंतर उजवी पाकळी घरंगळली.

आई रडायलाच लागली. मी म्हटलं, ठीक आहे, देव हो म्हणाला, आता मेकॅनिकला पाठवते. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी भर देवळात चप्पल घालून शिरले होते. "देवान उजवो कौल दिल्यान, आणि तू वर मेकॅनिक बसवतंस?" मी भांडले. खूप भांडले. ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी मामाला हो कळवलं, आणि त्या देवाला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की त्याने अजून माझं काही वाकडं कसं केलं नाही, नवल आहे.

गाडी मामा स्वतः घेऊन आला. इतक्या काळाने भाऊ दारात आला म्हणून आईने खीर केली. मग त्याने तिला हाताला धरून सीटवर बसवलं. पाय आत गेला, टाच टेकली. तो वाकून तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला, आणि आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. तो गेल्यावर तिने मला ते सांगितलं, शेजारणीला सांगितलं, फुलवालीला सांगितलं, माझ्या कंपनीतल्या मैत्रिणीलाही फोनवरून सांगितलं. "माझो भाऊ काय म्हणालो, ठावक आसा? टाच दाबू नको गे बाय, पाय हलकोच ठेव. तेका माझ्या पायाची काळजी." वर माझ्याकडे बघून, "तुका कधी सुचला असा बोलूक?" नाही सुचलं. मी फक्त तो पाय रोज रात्री तेल लावून चोळत होते.

पावसाळ्यात गाडीतली मॅट ओली लागायची. मी म्हणायचे पाणी येतंय कुठून तरी. आई म्हणायची, पावसात सगळंच ओलं होतं. गणेशचवथीला हरमलला जायचं होतं ना. तोपर्यंत गाडीबद्दल वाईट शब्द चालणार नव्हता.

चवथीच्या दिवशी सकाळी निघालो. गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतात त्या माटोळीला बांधायला परसातलं भलंमोठं तवसं, म्हणजे मोठी काकडी, पानात गुंडाळलेल्या पातोळ्या, मामाला शर्टाचं कापड. आई खिडकीतून सगळं बघत होती, हे घर कोणाचं, तो पूल कधी झाला, बडबड थांबेना. मी तिला एवढी खूश बघितली नव्हती. कोलवाळचा पूल ओलांडला, पेडण्याच्या अलीकडे रस्त्यात म्हैस आडवी आली, आणि मी ब्रेक दाबला. आईने स्वतःला सावरायला तो न वाकणारा पाय जोरात रेटला. कडकन आवाज झाला. तिची टाच गाडीच्या तळातून खाली गेली.

बरं की गाडी थांबली होती. मी मॅट उचलली. खाली गंजून पापड झालेला पत्रा, आणि त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकलेला. वर काळं डांबर फासलेलं. एका कोपऱ्यात डब्यावरचं शेंगदाण्याचं चित्र अजून दिसत होतं. भोकातून रस्ता दिसत होता. टाच सोलून रक्त आलेलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, परत फिरू. आई म्हणाली, "फिरव म्हणजे मी हयसरच उतरतंय." मी डिकीतली स्टेपनीवरची फळी काढून तिच्या पायाखाली घातली आणि तशीच हरमल गाठली.

मामाचं अंगण माणसांनी भरलेलं. मी गाडीतून उतरले आणि सगळ्यांसमोर तोंड सोडलं. बहिणीला गंजका सापळा विकलात, डब्याचे पत्रे ठोकून विकलात, पाय तुटला असता तिचा. मामाने शांतपणे खांद्यावरचा पंचा झटकला. "मी खय दिलंय? देवान दिल्यान. तुझ्या आवशीन डोळ्यान बघल्यान. भांडायचा तर देवळात जा." कोणीतरी फिसकन हसलं.

मी आईकडे बघितलं. आता ती बोलेल, म्हापशाच्या त्या मालकाला बोलली तशी. तिने लुगड्याचा काठ ओढून रक्ताळलेली टाच झाकली. "गाडी बरी आसा," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "हिकाच चालवूक येणा नाय."

मग सगळेच हसले. मामी पुढे झाली आणि आईला हात देऊन ओटीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पाय पसरलेला, जाणारे येणारे तो ओलांडून जात होते. जेवण तिथेच आणून दिलं, कारण पंगतीत तो पाय मावला नसता. तवसं माटोळीला बांधायला उशीर झाला होता, ते कोपऱ्यात पडून राहिलं. राहा, असं कोणी म्हणालं नाही.

दुपार कलताना परत निघालो. मी नजर रस्त्यावरच्या खड्ड्यांवर ठेवली. बोलले असते तर फार बोलले असते. पेडणं मागे पडलं तेव्हा माझं लक्ष गेलं. आईने दोन्ही हातांनी मांडी धरून पाय वर उचलून ठेवला होता, फळीला टेकू न देता.

"टेकव ना," मी ओरडले. "फळी आहे खाली."

"टाच दाबू नको म्हणालो होतो," ती समोर बघत म्हणाली. "तेका ठावक होता गे."

मी गाडी कडेला घेतली, उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं आणि खाली बसले. तिचा पाय तिच्या हातांतून सोडवून माझ्या मांडीवर घेतला. तिने घेऊ दिला. अंधार पडायला लागला तरी आम्ही तशाच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीशी होते. शेजारीण कुंपणाशी आली. माहेर कसं झालं, तिने विचारलं.

"बरा झाला," आई बाहेरून म्हणाली. "भाऊ माझ्या पायाचाच विचारत होतो."