काखेतले टाके

सन १९४६, कार्तिक वद्यातला एक शनिवार, सकाळ. ठिकाण बदनापूर, स्टेशनामागच्या आमच्या घराची ओसरी. हजर: आई, वडिलांची विधवा बहीण, म्हणजे आमची आत्या, लग्नाला वर्षही न झालेली वहिनी, शेजारच्या मारवाडी काकी, आणि मी. वडील मालधक्क्यावर कामाला, दादा हैदराबादला नोकरीवर. निकाल आम्हा बायकांनाच लावायचा होता.

काम असं होतं. आदल्या थंडीत खोकल्यानं आत्याला महिनाभर अंथरुणात ठेवलं होतं. छाती उघडी ठेवू नका, असं दवाखान्यात बजावलं होतं. पण आत्या सोवळी. केस काढलेले, अंगावर एक लाल आलवण, आत चोळी नाही. शिवलेलं कापड तिच्या सोवळ्यात बसत नव्हतं. पहाटे विहिरीच्या पाण्यानं अंघोळ आणि ओल्या अंगानंच चुलीशी. धाबळी पांघरली तर भाकरी थापताना ती खाली घसरायची, विस्तवात पडायची भीती. आई म्हणायची, "वन्सं, चोळी घाला. इथं कोण बघून राह्यलंय?" आत्या म्हणायची, "ज्यानं बघायचं तो बघतोच की."

तोड काकींनी काढली. लोकर सोवळ्यात चालते, तिला विटाळ लागत नाही, हे आत्यालाही मान्य. अडचण फक्त शिवणीची. काकींना माहेरी शिकलेला बिनशिवणीचा स्वेटर येत होता. दोन्ही टोकं निमुळती असलेल्या सुया घ्यायच्या आणि गोल विणायचं. अंग एक नळी, बाह्या दोन नळ्या. काखेशी आल्यावर तिन्ही एकत्र सुयांवर घ्यायच्या आणि टाके कमी करत गळ्यापर्यंत जायचं. काखेतले थोडे टाके मात्र मागे राहतात. ते दोऱ्यावर ओवून ठेवायचे आणि शेवटी तिसऱ्या सुईनं विणूनच बंद करायचे. शिवायची सुई कुठंच येत नाही. बटणंही नकोत, डोक्यातून घालायचा.

सुया सायकलवाल्याकडून जुन्या तारा आणून दगडावर घासून केल्या. काकींच्या नातवाला आधी एक लहान स्वेटर केला, हात बसावा म्हणून. तो बराबर जमल्यावर केदारखेड्याची धनगरीण बाजाराला आली तेव्हा तिच्याकडून काळी लोकर घेतली. हातानं कातलेली, जाडीभरडी, अंगाला टोचणारी. पण कुणी न वापरलेली.

आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शिवण न्हाई ना? बिलकुल न्हाई? मंग घालीन." तिनं हो म्हटल्यावर आईच्या तोंडावर जे आलं ते मी आधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर स्वेटर झाला. दोन्ही काखा मी मुद्दाम दोऱ्यावर ठेवल्या होत्या. आत्यासमोर बंद करायच्या, तिनं आपल्या डोळ्यांनी पाहावं, म्हणजे पुढं शंका नको. हे मी आईला आणि काकींना सांगितलं होतं. वहिनी त्या दिवशी माहेरी गेल्ती.

तर तो शनिवार. आत्या अंघोळ करून, जप संपवून ओसरीवर आली. मी स्वेटर पाटावर ठेवला आणि तीन सुया घेऊन बसले. आत्यानं तो उचलला, उलटा केला, खांद्यापासून बोट फिरवत आली आणि काखेशी थांबली. काख बंद होती. आतून पांढऱ्या सुती दोऱ्याची शिवण होती.

"हे काय गं?"

मी आईकडे पाहिलं, आईनं काकींकडे. मग वहिनी म्हणाली, "मी घातले टाके. भोक राह्यलं होतं, आत्याबाई. वारा लागंल म्हटलं."

तिला वाटलं, मी विसरले. माहेरच्या शिवणकामाचा तिला अभिमान होता, आणि खरंच टाके इतके बारीक होते की बाहेरून दिसत नव्हते. आत्यानंही ते पाहिलं.

"हात चांगलाय तुझा, सूनबाई," ती म्हणाली. "पण आता मला चालत न्हाई."

आई कात्री घेऊन उठली. "वन्सं, दोन बोटांची शिवण. आत्ता उसवते."

"शिवलं ते शिवलं. सगळं उकला, लोकर धुवा, पुन्हा विणा. तोवर मी कुठं पळून चालले?"

काकी म्हणाल्या, "बाई, तुमचे देव लई कडक. आमचे एवढी झडती न्हाई घेत."

"तुमचे दुकानावर बसून राह्यले. गिऱ्हाईक सांभाळावं लागतं त्यांना," आत्या म्हणाली. काकी हसल्या, आईसुद्धा. वहिनी आत निघून गेली.

दुपारीच मी स्वेटर उकलायला घेतला. वहिनी समोर येऊन बसली आणि लोकर गुंडाळत गेली. हातकताईची लोकर उकलताना जागोजाग तुटते. धुतल्यावर आणखी तुटली. गाठी मारून मी पुन्हा सुरुवात केली. मार्गशीर्ष त्यात गेला. वहिनी पहाटे उठून पाणी तापवून न्हाणीत ठेवायची. आत्या ते बाजूला सारायची आणि विहिरीवर जायची. वहिनी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची.

पौषात खोकला आला. आत्या चुलीपासून विचारायची, "कुठवर आलं?"

"काखेपर्यंत."

"सूनबाईला लांब ठेव मंग." हे ती वहिनीला ऐकू जाईल असं म्हणायची, हसून. वहिनीला त्यात हसू दिसत नव्हतं.

गळ्याचे टाके बंद केले त्या दिवशी आत्याला ताप होता. काखा तेवढ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, तिच्यासमोर करते. आई म्हणाली, "आज उठवू नको, डोळा लागलाय. सकाळी कर." वहिनीनं स्वेटर घडी करून आत्याच्या उशाशी ठेवला. सकाळी तिन्ही सुया घेऊन मी गेले, तर आई दारातच उभी होती.

तेराव्यानंतर सामान आवरताना स्वेटर कुणाला द्यावा, हा प्रश्न आला. वहिनी म्हणाली, "देऊ नका. काखा मी बंद करते. तीन सुयांनी कसं करतात ते मला शिकव." मी सुया तिच्या हातात दिल्या. पहिला टाका दोऱ्यावरून घेताना तिचा हात थांबला. तिनं तो टाका परत ओवला आणि म्हणाली, "आज नको."

पुढे मी पुष्कळ स्वेटर विणले. माझ्या मुलांचे, दादाचे, वहिनीच्या मुलींचे, सगळे बिनशिवणीचे. काखा मी एकटी असताना बंद करते. वहिनी समोर असली की ते काम काढत नाही.

काळा स्वेटर माझ्या ट्रंकेत आहे, कडुलिंबाच्या पाल्यात. दर कार्तिकात मी थंडीच्या कामांची यादी करते: रजया उन्हात घालणे, खिडक्यांच्या फटी बुजवणे, खोकल्याचं औषध भरून ठेवणे. शेवटचं काम दर वर्षी तेच असतं. वहिनीला टाके बंद करायला शिकवणे.

यंदाही ती आली. मी ट्रंक उघडली, सुया काढल्या. तिनं स्वेटर मांडीवर घेतला, काखेतला दोरा बोटानं चाचपला, एकही टाका निसटला नाही हे पाहिलं. मग चहा झाला, मुलींच्या गोष्टी झाल्या, तिच्या गाडीची वेळ झाली. स्वेटर मी पुन्हा पाल्यात ठेवला. यादीतली बाकीची कामं झाली आहेत.