मोनाच्या हळदीचं गाणं

बावड्याचे भिमातात्या टेप दुरुस्त करत म्हातारे झाले. लेकीच्या हळदीत त्यांच्या आईनं म्हटलेलं गाणं कॅसेटवर होतं. ते त्यांनी नेटवर टाकलं, तर एका कंपनीनं हक्क सांगून उडवलं. तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कॅसेटवरून गाणं पुन्हा कॉम्प्युटरवर घेतलं, मेमरी कार्डांत भरलं आणि लग्नघरांत फुकट वाटलं. आता खिशातल्या प्लेअरवर ते पार लासुर्ण्यापर्यंत वाजतं.

मग त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, “गाणं आमच्याच मालकीचं आहे.”

“आमच्याकडं हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव घालत्यात,” तात्या म्हणाले. “ह्यात माझ्या मोनाचं हाय. ती तुमच्या मालकाची कोण लागती, तेवढं इचारून सांगा.”