दातांवरची आडवी खाच

जवळ ये बाई. कागद असा हातभर लांब धरून वाचू नकोस, चष्मा लाव. घरात सून आली तरी तुला अजून चष्म्याची लाज वाटते. बस. मला एक सांगायचंय, आणि फोनवर सांगायला घेतलं की तू "बरं बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहिते.

मागच्या आठवड्यात तुझी भाची आली. तापीकाठच्या एका टेकाडात त्यांचं खोदकाम चाललंय. तिथं जुन्या लोकांची घरं निघाली, घरांखाली माणसं निघाली. ही पोरगी दिवसभर उन्हात बसून ब्रशनं हाडं झाडते. मी म्हटलं, "तुला बघायला कोणी आला तर त्याचेही दात मोजशील." तर म्हणते कशी, "मोजीन की आजी. माणूस वय चोरतो, दात चोरत नाहीत."

मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तिनं फोनवरचा फोटो पुढे केला. एका पोराचा जबडा. आठ-नऊ वर्षांचं असेल म्हणाली, हजारो वर्षांपूर्वीचं. समोरच्या दोन दातांवर मधोमध आडवी खाच होती, ओल्या मातीवर काडी ओढावी तशी.

"घासत नसेल," मी म्हटलं.

"घासण्याचा काय संबंध, आजी? दात हिरडीतून वर येतो तेव्हा तयार होऊनच येतो. आत तयार होत असताना पोर जास्त आजारी पडलं, नाहीतर त्याला खायला मिळालं नाही, तर तेवढे दिवस काम थांबतं. तिथं खाच राहते. मग जन्मभर घास, ती जात नाही. तिच्यात डाग मात्र लवकर धरतो."

"आणि हे कधी झालं, तेही कळतं?"

"टोकापासून अंतर बघायचं. हे पोर दोन-अडीच वर्षांचं असताना झालंय."

मी शेंग सोलली. दाणे पातेल्यात टाकले. दुसरी घेतली.

तुला आठवणार नाही, तू अडीच वर्षांची होतीस. आपण चोपड्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याला राहत होतो. तुला गोवर आला. गोवर आला म्हणजे घरात देवी आली, असं तेव्हा धरायचे. माझी सासू म्हणाली, "घरमा देवी ऊनी शे. पोरले दूध देऊ नको." दाराला निंबाचा पाला बांधला, फोडणी बंद केली, तुला ज्वारीच्या पिठाची पातळ पेज सुरू केली. आठ दिवसांत पुरळ मावळलं. पण पथ्य सोडायचं तर आधी निंबाखाली देवीला दहीभात ठेवायचा, आणि तो पोरीच्या बापानं ठेवायचा, असं आमच्याकडे होतं. तुझे आबा रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला गेले होते. निरोप पाठवला. ते आले दोन महिन्यांनी.

दोन महिने तू पेजेवर होतीस. दारात बकरी दुभती होती. घरात दूध ठेवायचं नाही म्हणून मी धार काढून शेजारणीच्या पोरांना देऊन यायची. तू उंबऱ्यात बसून तांब्याकडे बघायचीस. आधी रडायचीस, मग रडायची थांबलीस. सासू म्हणाली, पोर शहाणी झाली. मलाही तसंच वाटलं.

पुढे सातव्या वर्षी तुला पक्के दात आले, ते खाच घेऊनच. मला वाटलं मळ. राखुंडी लावून बोटानं घासले, मग मिठानं, मग कोळशानं. हिरडीतून रक्त आलं तरी सोडलं नाही. "दात घस वं, बठ्ठा गाव देखस," असा सगळ्या गावाचा धाक मी तुला रोज घालायची. पाहुणे बघायला आले तेव्हा तोंड मिटून बस म्हणून मीच बजावलं. लग्नाच्या फोटोत तू ओठ दाबून उभी आहेस. बायका म्हणाल्या, पोरगी गंभीर आहे. मी हो म्हटलं.

मी तुला आळशी म्हणाले, घाणेरडी म्हणाले. पाहुण्यांसमोरही म्हणाले. हे तुला विसरता आलं असेल असं मी धरून चालले होते.

तुझ्या भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिनं फोनवरचा फोटो बंद केला. मग म्हणाली, "गोवरानं झालं की पेजेनं, ते खाच सांगत नाही, आजी. पोराला तेव्हा झेपत नव्हतं, एवढंच सांगते. आणि ते त्यातून वाचलं, हेही सांगते. जी वाचत नाहीत त्यांच्या दातांवर खाच पडायला वेळच मिळत नाही."

तिनं हे माझ्या बऱ्यासाठी सांगितलं. मला बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही, खरं सांगते. रडू येईल म्हणून मी वाट बघितली, पण काही आलं नाही. शेंगा संपल्या तशी टरफलं उचलली, आमटी टाकली, सगळ्यांना वाढलं. चव लागली नाही, पण जेवले. तेव्हापासून असंच आहे. कामं होतात.

तुझा दोष नव्हता. एवढंच लिहायला हा कागद घेतला होता आणि तेच शेवटी आलं बघ. तू रोज दात घासत होतीस. मी बघत होते तू घासताना, तरी तुला खोटं ठरवलं.

आता तू "जाऊ दे आई, जुनं झालं" म्हणशील. म्हणू नकोस. माझ्या तोंडून पटायचं नाही तुला, इतकी वर्षं मी दुसरंच सांगत आले. तुझ्या भाचीच्या तोंडून ऐक, तिच्या फोनमधला तो फोटो बघ. ती पुढच्या रविवारपर्यंत इथं जळगावात माझ्याकडे आहे. धुळ्याहून सकाळची गाडी धर, जेवणाच्या आत पोचशील. सणाची वाट बघू नकोस. रागवायचं असेल तर इथं येऊन, समोर बसून रागव. पण लवकर ये.